आधी तास आखा, मग कॅमेरा काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवी-नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एका सरांनी फ्लिप्ड क्लासरूम, म्हणजे शिकवणं घरी व्हिडिओवर आणि सराव-प्रयोग वर्गात, करून पाहायचं ठरवलं. सुट्टीचे दोन दिवस घालवून पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन व्हिडिओ केले. निम्म्या मुलांनी ते उघडलेच नाहीत. ज्यांनी पाहिले त्यांनाही वर्गात विचारल्यावर काही सांगता येईना, आणि शेवटी तोच भाग फळ्यावर पुन्हा शिकवावा लागला. आता ते विचारताहेत की पैसे कॅमेऱ्यावर घालावेत की माइकवर, एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर बरं, व्हिडिओ किती मिनिटांचा असावा आणि त्यात चेहरा दिसावा का.

माइक घ्या. कॅमेरा नको, हातातला फोन पुरेसा आहे. लांबी सहा मिनिटांच्या आत ठेवा. सॉफ्टवेअरचं पुढे लिहिते. पण ही सगळी उत्तरं पाळूनही पुढचा व्हिडिओ असाच पडून राहू शकतो, कारण खरी गोम त्या प्रश्नातल्या 'पुन्हा शिकवावा लागला' या शब्दांत आहे. नाही पाहिला तरी सर उद्या फळ्यावर घेतातच, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळलं. मग घरी वेळ कोण घालवेल?

२००७च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क इथं जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, गैरहजर मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून आपले तास रेकॉर्ड करू लागले. तिथून ही पद्धत पसरली. त्यांना सापडलेली कामाची गोष्ट म्हणजे वर्गातला मोकळा झालेला वेळ. मुलं जिथं अडतात तिथं शिक्षक शेजारी असावा, एवढाच त्यातला हिशोब. त्यामुळे व्हिडिओची आखणी उलट्या बाजूनं करावी लागते. उद्याच्या तासाला मुलं हातानं काय करणार, कशावर वाद घालणार, हे आधी कागदावर लिहा. ते करण्यासाठी त्यांना येताना काय माहीत हवं, तेवढंच व्हिडिओत घ्या. पंचवीस मिनिटांचे व्हिडिओ बहुतेक वेळा अख्खा तास कॅमेऱ्यासमोर पुन्हा घेतल्यामुळे होतात.

विज्ञानापुरती माझी वाटणी ठरलेली आहे. उपकरण कसं जोडायचं, मोजपट्टी कशी वाचायची, चिन्हं, संज्ञा, सोडवलेलं एखादं उदाहरण, म्हणजे मुलांना मागे नेऊन दोन-तीनदा पाहावंसं वाटेल ते सगळं व्हिडिओत. फार लहान, फार सावकाश किंवा वर्गात करायला धोक्याच्या गोष्टीही व्हिडिओत. संकल्पनेवरची झटापट मात्र वर्गात. बरेच जण नेमकं उलट करतात, संकल्पना व्हिडिओत 'समजावून' टाकतात आणि वर्गात गणितं सोडवून घेतात. गुळगुळीत स्पष्टीकरणाची एक गंमत असते, ऐकताना सगळं पटतं आणि डोक्यातली जुनी समजूत जागची हलत नाही. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीच्या कामात (२००८) हेच तपासलं होतं. नुसतं स्वच्छ स्पष्टीकरण पाहिलेल्यांना व्हिडिओ सोपा वाटला पण त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत, आणि ज्यात चुकीच्या समजुती उघड बोलून दाखवल्या होत्या तो व्हिडिओ गोंधळाचा वाटूनही मुलं त्यातून जास्त शिकली.

एक पाठ अगदी जवळून पाहू. विषय विद्युतधारा. मुलांची पक्की समजूत असते की बल्बमध्ये धारा 'खर्च होते', त्यामुळे बल्बच्या पुढे ती कमी भरते. उद्याच्या तासाला गटागटानं दोन घट, एक टॉर्चचा बल्ब आणि अमीटर घेऊन मुलं बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे धारा मोजणार आहेत. मग व्हिडिओत लागतं काय? अमीटर एकसर जोडणीतच का घालायचा, धन अग्राकडे घटाच्या धन बाजूनं येणारी तार का लावायची, आणि ५०० मिलिॲम्पियरच्या तबकडीवर एक बारीक घर म्हणजे १० मिलिॲम्पियर असेल तर काटा कसा वाचायचा. साडेतीन मिनिटं. शेवटच्या मिनिटात दोन मतं: एक मुलगी म्हणते बल्बनंतर धारा कमी भरेल, दुसरी म्हणते तेवढीच भरेल. तुमचं मत कारणासह वहीत लिहा. बस्स, व्हिडिओ इथं संपतो. उत्तर द्यायचा मोह होतो, पण दिलंत की उद्याच्या प्रयोगातला जीव गेला.

जो प्रयोग वर्गात करताच येणार नाही, त्याचा निकाल व्हिडिओत दाखवावाच लागतो. तिथं निकालाच्या आधी पडद्यावर 'थांबा, अंदाज लिहा' असं येऊ द्या आणि पाच सेकंद गप्प राहा. पाच सेकंदांची शांतता एडिटिंग करताना फार लांब वाटते. कापू नका.

याच पाठात एक खड्डा आहे. अलीकडे-पलीकडे एकाच वेळी दोन अमीटर लावले तर शाळेतली उपकरणं क्वचितच तंतोतंत जुळतात. एक २८० दाखवतो, दुसरा २७०. तुम्हाला तो उपकरणांमधला फरक दिसतो, मुलांना पुरावा दिसतो, 'बघा, दहा खर्च झाली!' म्हणून चित्रण असो की वर्ग, दोन्ही अमीटरची अदलाबदल करून दाखवा. २७० दाखवणारा अमीटर बल्बच्या अलीकडे आणला तरी २७०च दाखवतो. कमीपणा उपकरणाबरोबर फिरला, बल्बच्या बाजूला चिकटून राहिला नाही. वादाचा निकाल तिथं लागतो. जोडण्यापूर्वी दोन्ही काटे शून्यावर आहेत का, हेही पाहून घ्या.

आता लांबीचं. सहा मिनिटांचा आकडा फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांच्या २०१४च्या अभ्यासातून आला. एडएक्सवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांमधली ६९ लाख पाहण्याची सत्रं त्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. ते विद्यार्थी मुख्यतः स्वतःहून नाव नोंदवलेले होते, शाळकरी मुलं नव्हेत, म्हणून हा नियम समजू नका. पण आठवी-नववीची मुलं त्याहून जास्त धीर धरतील असं मानायलाही आधार नाही. विषय सहा मिनिटांत मावत नसेल तर दोन व्हिडिओ करा, दोघांच्या मध्ये एक प्रश्न ठेवा.

सहा मिनिटांसाठी संहिता साधारण सहाशे शब्दांची होते. मी ती लिहून काढते, पण कॅमेऱ्यासमोर वाचत नाही, वाचलं की आवाज बातम्यांसारखा होतो. परिच्छेदागणिक एक मुद्दा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनच्या मागे टेकवते. बोलताना 'मित्रांनो, स्वागत आहे' वगैरे नको. पहिल्या वीस सेकंदांत प्रश्न किंवा वस्तू समोर यायला हवी. पडद्यावर लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं वाचूनही दाखवू नका. डोळे आणि कान एकाच वाक्यामागे वेगवेगळ्या गतीनं धावतात आणि आकृतीकडे कुणी पाहत नाही. पडद्यावर आकृती, तिच्यावर दोन-चार शब्दांची नावं आणि बाकी सगळं आवाजात, असं ठेवा.

आवाज हा भाग मी सगळ्यात वर ठेवते. चित्र जरा अंधूक असेल तर मुलं सांभाळून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. कॉलरला लावायचा तारेचा माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, हनुवटीच्या थेट खाली नाही तर किंचित बाजूला, म्हणजे श्वास आणि 'फ', 'प' यांचे फटके बसत नाहीत. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. मागून झणझण ऐकू आली तर खोली बदला, किंवा समोर आणि पाठीमागे जाड चादरी टांगा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असलं तरी बराच फरक पडतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढताना तो नमुना म्हणून लागतो. आवाजाची सर्वांत उंच टोकं उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

चित्रणाला फोन वरून खाली बघणारा, स्टँडला पक्का. १०८० पी, सेकंदाला ३० चित्रं पुरेत. ४के घेतलंत तर जागा जाईल आणि मुलांच्या फोनवर फरक दिसणार नाही. दिवे दोन, कागदाच्या दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून. वरचा एकच दिवा असेल तर तुमच्या हाताची सावली लिहिण्यावर पडते आणि अमीटरच्या काचेत दिवा चमकतो. शुभ्र कागदावर फोन आपोआप उजेड कमी करतो आणि सगळं मळकट करड्या रंगाचं दिसतं. म्हणून फिकट करडा किंवा बदामी कागद घ्या आणि अर्ध्या ए४ पानात मावेल तेवढंच लिहा, अक्षर सेंटिमीटरभर उंच, मार्करनं. वर्गात सगळ्यात लहान पडद्याचा फोन ज्याच्याकडे आहे तसा एखादा घेऊन हात लांब करून पाहा, वाचता येतंय का.

दिव्यांमुळे चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दोष फोनचा नसतो. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तिथं शटर (एकेक चित्र किती सेकंद उजेड घेतं ते) १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झचा असेल तिथं १/६० किंवा १/१२० ठेवा. फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये, जिथं सगळं हातानं ठरवता येतं, हे मिळतं.

प्रयोगाच्या चित्रणात फोनची हुशारीच आड येते. अनुमापनाचं उदाहरण घ्या. फिनॉल्फ्थॅलिन टाकलेल्या आम्लात आम्लारी थेंब थेंब पडतोय, आणि तुम्हाला दाखवायचाय तो एका थेंबानं येणारा, अर्धा मिनिट टिकणारा फिकट गुलाबी रंग. फोनला वाटतं चित्र तांबूस झालं, तो रंग 'दुरुस्त' करतो आणि गुलाबी जवळपास पुसून टाकतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, पण बऱ्याच फोनमध्ये रंगांचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, त्यानं लॉक होत नाही. तो प्रो मोडमध्ये जाऊन वेगळा पक्का करावा लागतो. चंचुपात्राखाली पांढरी टाइल ठेवा, तिच्यावर तोल बसवा आणि मगच ब्युरेटची, म्हणजे थेंब सोडणाऱ्या खुणांच्या उभ्या नळीची, तोटी उघडा.

ब्युरेटचं वाचन दाखवताना कॅमेऱ्याचं भिंग नेमकं द्रवाच्या पातळीवर हवं. चार बोटं वर ठेवलीत तर वाचनात चूक दिसते, आणि मुलं ती चूकच शिकतात. पातळीच्या मागे पांढरं कार्ड धरा, त्याचा खालचा भाग काळा रंगवलेला, काळी कड पातळीच्या किंचित खाली. वक्र पातळीचा तळ ठळक उठून दिसतो. हे दृश्य वर्गात एका वेळी एकाच मुलाला नीट दिसतं, व्हिडिओत चाळिसांना. अशा जागा शोधा, व्हिडिओचा खरा फायदा तिथं आहे.

मॅग्नेशिअमची फीत जळताना घ्यायची असेल तर उजेड आधीच खूप कमी करून लॉक करा, नाहीतर पांढऱ्या गोळ्याखेरीज काही उमटत नाही. फीत पेटण्यापूर्वीचं चित्र काळोखं दिसेल. तेवढा भाग वेगळा घ्या आणि नंतर जोडा.

सुरक्षिततेची सूचना सुरुवातीला एकदा वाचून दाखवण्यात अर्थ नाही. मुलं तुमच्या हातांची नक्कल करतात. डोळ्यांना चष्मा तुमच्याच हवा, परीक्षानळीचं तोंड कुणाकडेच रोखलेलं नको, आणि 'आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही' हे ओतायच्या क्षणीच कारणासह बोला. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी करता येईल असा धोक्याचा प्रयोग व्हिडिओत घेऊच नका.

प्रयोग आधी चित्रित करायचा आणि निवेदन नंतर वरून टाकायचं, ही पद्धत नवख्यांना सोपी पडते. दोन्ही एकदम करू गेलं की हात थरथरतो आणि वाक्यं अडखळतात. मात्र हायड्रोजन पेटतानाचा 'पॉप' आवाज असा काही असेल तर मूळ ध्वनी ठेवा, तोच निरीक्षणाचा भाग आहे.

सॉफ्टवेअर फुकटची पुरतात. पडदा रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ, कापाकापीला शॉटकट किंवा ओपनशॉट, फाइल लहान करायला हँडब्रेक. ओबीएसमध्ये एमकेव्ही स्वरूपात रेकॉर्ड करून मग एमपी४ करा, कारण साध्या एमपी४मध्ये मध्येच संगणक बंद पडला तर सगळी फाइल जाऊ शकते. दुसरा त्रास असा की संपादनात सुरुवातीला आवाज ओठांशी जुळतो आणि पाचव्या मिनिटाला मागे पडतो. फोन सेकंदाला कधी २९ तर कधी ३१ चित्रं घेतो, त्यामुळे हे होतं. संपादनापूर्वीच फाइल हँडब्रेकमधून ३० चित्रांच्या स्थिर गतीवर काढून घ्या.

फोनवरचं मूळ चित्रण मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा खातं. ते तसंच मुलांना पाठवू नका. ४८० पी, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत), चित्राला ५०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आणि आवाजाला एकच वाहिनी ६४ केबीपीएस ठेवलं की सहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण २५ एमबीत बसतो. कमी डेटावर उतरतो, एका फोनवरून दुसऱ्यावर जातो.

किती मुलांकडे फोन आहे, तो किती वेळ त्यांच्या हातात असतो, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच ठाऊक असणार. चार-पाच मुलांनाही घरी पाहता येणार नसेल तर घरचा आग्रह सोडा. व्हिडिओ वर्गातच एका कोपऱ्यात चालू ठेवा. एक गट सहा-सात मिनिटं पाहतो, दुसरा उपकरणं जोडतो, तिसरा कालचे प्रश्न सोडवतो, मग गट पुढे सरकतात. आखणी तीच, फक्त घराच्या जागी कोपरा. वर्ग मोठा असेल तर मला हेच जास्त आवडतं.

आता मूळ दुखणं, मुलं पाहून येत नाहीत याचं. प्रत्येक व्हिडिओबरोबर अर्ध्या पानाचा कागद द्या. त्यावर एक अपुरी आकृती पूर्ण करायची, एक वाचन किंवा छोटं गणित, आणि एक स्वतःचा प्रश्न, 'मला हे कळलं नाही' याच्या जवळपासचा. 'काही शंका नाही' असं उत्तर घेऊ नका. वर्गात शिरताना कागद दारात गोळा करा. तीन-चार मिनिटांत चाळून होतात, आणि कुठं अडलंय ते लगेच कळतं. गुण द्यायचेच तर केल्याचे द्या, बरोबर-चुकीचे नकोत, नाहीतर एकाचा कागद वीस जणांच्या वहीत सापडेल.

ज्याच्याकडे कागद नाही तो वर्गाच्या मागे बसून व्हिडिओ पाहतो, कागद भरतो आणि मग गटात येतो. त्याला रागवायचं नाही, त्याच्यासाठी फळ्यावर पुन्हा शिकवायचंही नाही. पहिले दोन आठवडे मागे पंधरा जण बसतील, तास विस्कळीत वाटेल, आणि नेमका तेव्हाच खडू हातात घ्यावासा वाटेल. बहुतेकांचं गाडं इथंच घसरतं. प्रयोगाची मजा मागून बघत बसावी लागते, याचा परिणाम ओरडण्यापेक्षा जास्त होतो. सगळ्यांच्याच कागदावर एकच अडचण दिसली तर मात्र दोन मिनिटं फळ्यावर जरूर घ्या. तेव्हा चूक व्हिडिओत असते.

ती चूक दुरुस्त करणं सोपं राहावं म्हणून 'काल आपण पाहिलं', 'पान ४६ काढा' असं काही व्हिडिओत बोलू नका, पुस्तक बदललं की सगळं वाया. मुद्देसूद तुकडे पाडून चित्रित केलेलं असेल तर चुकीचं एक वाक्य बदलायला चाळीस सेकंद पुन्हा घ्यावे लागतात, सहा मिनिटं नाहीत. आपोआप उमटणारी मराठी उपशीर्षकं संज्ञांची पार वाट लावतात, तेवढी हातानं नीट करा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचा सगळा भार त्यांच्यावर असतो.

चेहरा दिसावा का, असंही विचारलंय. सुरुवातीला दहा-पंधरा सेकंद आणि दोन मतं मांडताना दिसला तर बरं, मुलांना आपले सर बोलताहेत हे कळतं. अमीटरचा काटा वाचताना कोपऱ्यातला चेहरा काढून टाका, नजर तिकडेच जाते.

वेळेचा अंदाज: सुरुवातीला तयार व्हिडिओच्या एका मिनिटाला अर्धा तास धरा. म्हणजे साडेचार मिनिटांच्या अमीटरच्या पाठाला सव्वादोन तास. तेवढाच एक करा, तो वर्गात वापरा, अर्ध्या पानाचे कागद वाचा, आणि दुसऱ्याचा विषय त्या कागदांवरून ठरवा. पंचवीस मिनिटांचे जे दोन व्हिडिओ हाताशी आहेत ते टाकून द्यायचं कारण नाही. त्यातली उपकरणं जोडण्याची आणि वाचनांची दृश्यं कापून घेतलीत तर दोन-तीन छोटे पाठ त्यातच निघतील.